धोबीतलावचं रंगभवन आणि मुंबईचा जॅझ: सांस्कृतिक कार्य विभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र शासन
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका

सप्रेम नमस्कार.

हे पत्र आपल्या दोन्ही कार्यालयांना टपालाने पाठवलं आहे. तरीही ते जाहीर करतो आहे, कारण ज्या गोष्टीबद्दल लिहितोय ती, म्हणजे मुंबईचा जॅझ आणि धोबीतलावचं बंद राहिलेलं रंगभवन हे खुलं नाट्यगृह, माझी एकट्याची नाही.

मी ट्रंपेट वाजवतो. गिरगावात जन्मलो, धोबीतलावला शिकलो, पुढे बरीच वर्षं वाद्यवृंदांत आणि चित्रपटांच्या रेकॉर्डिंगला वाजवून संसार केला. माझे गुरू गोव्याचे. आम्ही शिष्य त्यांना नुसतं 'सर' म्हणायचो, इथेही तसंच म्हणतो. सर गेले तेव्हा त्यांच्या घरच्यांनी पत्र्याच्या काही ट्रंका माझ्या हवाली केल्या. त्यांत सरांनी आयुष्यभर हाताने लिहिलेलं नोटेशन आहे: हॉटेलांतल्या बँडचं, हिंदी आणि मराठी गाण्यांचं, काही अर्धवट राहिलेल्या स्वतःच्या रचनांचं. माझं घर चाळीतल्या दोन खोल्यांचं, पावसाळ्यात भिंती ओल्या. म्हणून, जुनं संगीत जपणं हेच जिचं काम आहे अशा शहरातल्या एका संस्थेकडे मी गेलो. नाव घेत नाही, कारण माझं भांडण एका टेबलाशी नाही. तिथल्या अधिकाऱ्यांनी दोन-चार पानं चाळली आणि म्हणाले, "हे इंग्लिश बँडचं संगीत. आपल्या परंपरेत बसत नाही. आणि ठेवायला जागाही नाही."

जागेची अडचण मला पटते. परंपरेचं मला मान्य नाही. तेवढ्यासाठी आधी मुंबईतल्या जॅझचा, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांकडून आलेल्या या बँडच्या संगीताचा, थोडा इतिहास सांगावा लागेल. तो आपल्या विभागाकडे लिहिलेला असायला हवा होता.

१९३५ मध्ये लिऑन ॲबी हे कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात वाजवायला आले. पाठोपाठ ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ आणि शिकागोत नाव कमावलेले पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांनी इथे मुक्काम ठोकला. स्वतःच्या देशात ज्या हॉटेलांत वाजवायचं त्यांच्याच पुढच्या दाराने आत जायची ज्यांना बंदी, अशी ही माणसं अपोलो बंदरावर मानाने राहिली. वेदरफर्ड तर परत गेलेच नाहीत. १९४५ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याने त्यांचा मृत्यू झाला.

पण परदेशी बँड आले आणि वाजवून गेले, एवढ्याने कुठलंही संगीत रुजत नाही. मुंबईत ते रुजवलं गोव्याच्या पोरांनी. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. देवासमोर वाजवायला शिकलेली ही मुलं पोटासाठी मुंबईला यायची आणि धोबीतलाव, कावेल, सोनापूरच्या कुडांमध्ये उतरायची. कूड म्हणजे एका गावच्या लोकांची सामायिक खोली. कोपऱ्यात देव्हारा, भिंतीला लागून ट्रंका, रात्री चटया अंथरायच्या. रत्नागिरी-सिंधुदुर्गचे चाकरमानी लालबाग-परळला जसे गाववाल्यांच्या खोलीत राहिले, तसेच हे राहिले. फरक एवढाच की यांच्यातला कुणी सकाळी क्लॅरिनेटच्या तोंडातली वेताची रीड बदलत बसलेला असायचा आणि कुणी जिन्यात जाऊन लांब सूर भरायचा.

त्यांच्यातलेच एक आल्दोन्याचे आंतोनियो शावियेर वाझ, जन्म १९१६. मुंबईने त्यांना चिक चॉकलेट या नावाने ओळखलं आणि जॅझमधल्या थोर अमेरिकन ट्रंपेटवादकाच्या नावावरून भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणून डोक्यावर घेतलं. मिकी कोरिया १९३९ पासून वीसेक वर्षं ताजचा बँड सांभाळत होते. रूडी कॉटन या नावाने सॅक्सोफोन वाजवणारे गृहस्थ खरे तर कावसजी खटाव, पारशी. केन मॅक अँग्लो-इंडियन. फ्रँक फर्नांड ट्रंपेटवादक, पुढे कोंकणी चित्रपटांचेही कर्ते. गोव्याचा ख्रिस्ती, मुंबईचा पारशी, रेल्वे कॉलनीतला अँग्लो-इंडियन आणि अमेरिकेहून आलेला काळा कलावंत असे सगळे एका मंचावर वाजवत होते, तेही स्वातंत्र्याच्या आधी. मुंबई सगळ्यांची म्हणून आपण भाषणं करतो. ती सगळ्यांची असल्याचा पुरावा मागितलात तर मी हा देईन.

पुढे चर्चगेट स्ट्रीट, म्हणजे आजचा वीर नरिमन रोड, हा या संगीताचा रस्ता झाला. ॲस्टोरियातलं व्हेनिस, ॲम्बेसेडर, रिट्झ, बॉम्बेली, १९५६ मध्ये सुरू झालेलं गेलॉर्ड, मरीन ड्राइव्हच्या कोपऱ्यावरचं टॉक ऑफ द टाऊन. सर तरुणपणी संध्याकाळी एका हॉटेलात वाजवत आणि रात्री रस्ता ओलांडून दुसऱ्या ठिकाणी न आलेल्या ट्रंपेटवाल्याच्या खुर्चीवर जाऊन बसत. काम संपलं की निरनिराळ्या बँडमधले लोक एकत्र जमून स्वतःसाठी वाजवत, ती जॅम सेशन्स. ऐकणाऱ्यांत कॉलेजची मुलं असत, रुईयाची, झेवियर्सची, गिरगावातली. एका कपावर तीन तास बसणारी.

याच काळात मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा आला. मी दारूबंदीच्या बाजूचा की विरुद्ध, हा प्रश्न इथे गैरलागू आहे. सरकारने धोरण आखलं, हॉटेलांचा रात्रीचा धंदा बसला, बँडची माणसं कमी झाली, आणि वाजवणाऱ्यांची विचारपूस कुणी केली नाही, एवढंच मला नोंदवायचं आहे. काही ठिकाणांनी तग धरला, काही नवी उघडलीसुद्धा, पण पूर्वीसारखा भरवसा राहिला नाही. कुणी कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटवर गेले, कुणी परदेशी. सरांनीही काही वर्षं कलकत्त्यात काढली. उरलेले ताडदेव, महालक्ष्मी, दादरच्या रेकॉर्डिंगच्या हॉलांत शिरले.

आणि इथेच 'आपल्या परंपरेत बसत नाही' हे वाक्य खोटं ठरतं.

पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांनी चिक चॉकलेट यांना जवळ केलं. १९५१ च्या 'अलबेला'मध्ये भगवानदादा ज्या संगीतावर नाचले त्यामागे हा ट्रंपेट आहे. त्याच चित्रपटात चिक चॉकलेट आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. एक पुणतांब्याचा, एक दादरच्या चाळीत वाढलेला, एक आल्दोन्याचा. यातलं परकं कोण? लाहोरच्या हॉटेलांत बँड चालवलेले सेबॅस्टियन डिसोझा फाळणीनंतर मुंबईत आले आणि शंकर-जयकिशन यांच्या वाद्यवृंदाची सारी रचना त्यांनी बांधली. संगीतकार हार्मोनियमवर चाल द्यायचे, ती ऐकून अरेंजर प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद लिहायचा: व्हायोलिनांचे तीन थर, ब्रासचे, म्हणजे ट्रंपेटसारख्या पितळी वाद्यांचे, चार, कुठे क्लॅरिनेटने ओळ उचलायची, कुठे सगळ्यांनी थांबायचं. दोन कडव्यांमधला जो तुकडा लोक आजही तोंडाने वाजवतात तो पुष्कळदा याच माणसांच्या डोक्यातून निघालेला असे. श्रेयनामावलीत त्यांचं नाव यायचं ते फार तर 'सहायक' म्हणून. साध्या वादकांचं तर यायचंच नाही.

सरांच्या ट्रंकेतलं एक पान आत्ता समोर ठेवून लिहितो आहे. आखीव कागद पिवळा पडून कडेने चुरा होतोय. शाई निळी, काही ठिकाणी ओलीने पसरलेली. वर डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीने 'सेकंड ट्रंपेट'. मात्रांच्या आठव्या खणावर 'कप म्यूट', त्यापुढे लगेच 'ओपन', म्हणजे ट्रंपेटच्या तोंडाला लावलेलं बूच दोन मात्रांत काढायचं. मुखड्याचे हिंदी शब्द रोमन लिपीत सुरांखाली लिहिलेले, गाणारा कुठे श्वास घेतो त्या जागी छोटी तिरकी रेघ. एका खणावर फुली मारून त्याखाली वेगळ्या, घाईच्या अक्षरात दुसरे सूर. ते अखेरच्या रेकॉर्डिंगच्या आधी पाच मिनिटांत बदललेले असणार. पानाच्या पाठीमागे सरांचा हिशेब: शिफ्टचे पैसे किती आले, किती बाकी, टॅक्सी, चहा. एकाच कागदावर एका गाण्याची घडण आहे आणि ते वाजवणाऱ्याच्या घरचा महिनाही. असे शेकडो कागद आहेत. ही महाराष्ट्राच्या संगीताची कागदपत्रं नसतील, तर कशाला म्हणायची?

जॅझमधली परदेशी मोठी माणसंही मुंबई टाळून गेली नाहीत. डेव्ह ब्रुबेक १९५८ मध्ये आले, ड्यूक एलिंग्टन १९६३ मध्ये, लुई आर्मस्ट्राँग १९६४ मध्ये. त्यावर मला फार लिहायचं नाही. पाहुणे आले की फोटो निघतात, जपलेही जातात. प्रश्न घरच्या माणसांचा आहे.

आता रंगभवन.

धोबीतलावला झेवियर्स कॉलेजच्या शेजारी असलेलं हे खुलं नाट्यगृह सरकारी मालकीचं आहे. १९५२ मध्ये 'ब्लू रिदम' नावाचं जॅझला वाहिलेलं मासिक काढणारे निरंजन झवेरी यांनी पुढे जॅझ इंडिया ही संस्था उभी केली आणि १९७८ च्या फेब्रुवारीत पहिली जॅझ यात्रा भरवली, ती याच रंगभवनात. अमेरिकेचे थोर सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स तिथे वाजवून गेले. मी कॉलेजात होतो. सरांनी तिकीट काढून दिलं आणि बरोबर नेलं. घरी गणपतीत टाळ वाजवणारा मी, चर्नी रोडपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर जगातला एवढा मोठा सॅक्सोफोन ऐकत होतो. उघडं आकाश, सगळ्या वयाची, सगळ्या खिशांची माणसं. सर बोलत नव्हते, त्यांची उजव्या हाताची तीन बोटं गुडघ्यावर ट्रंपेटच्या चाव्या दाबत होती. हॉटेलांच्या बँडमधलं वाजवणं सुटून तोवर त्यांना बरीच वर्षं झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ट्रंपेट काढला आणि मला कधी नव्हे ते दोन तास जॅझ शिकवला, पैसे न घेता. मी जो काही वाजवणारा झालो तो त्या सकाळी झालो.

पुढे जॅझ यात्रा दर दोन वर्षांनी भरत राहिली, रॉकची पोरंही रंगभवनात येऊ लागली. ताजमध्ये जे संगीत ऐकायला कोट लागायचा ते रंगभवनात चप्पल घालून ऐकता यायचं. म्हणून ही जागा महत्त्वाची आहे. खासगी क्लब येतात आणि जातात. लोअर परळच्या मथुरादास मिलमधला ब्लू फ्रॉग २००७ मध्ये सुरू झाला, २०१६ मध्ये बंदही झाला. जागेची भाडी, परवाने, सगळं सांभाळून कुणी दहा वर्षं चालवला तर त्याचे आभारच मानायचे. पण सरकारी नाट्यगृहाला भाडं परवडत नाही म्हणून बंद व्हावं लागत नाही. ते बंद राहतं ते केवळ दुर्लक्षामुळे.

रंगभवनातलं संगीत थांबलं ते या शतकाच्या सुरुवातीला, शांतता क्षेत्राच्या नियमामुळे. ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र, तिथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा. रंगभवनाच्या एका बाजूला कॉलेज आहे, जवळच कामा आणि जी. टी. रुग्णालय. त्या नियमांत शांतता क्षेत्रात काय करू नये याची यादी आहे, तीत लाऊडस्पीकर आहे, ढोल आहे आणि ट्रंपेटचं तर नाव घेऊन उल्लेख आहे.

या नियमाविरुद्ध माझं एक अक्षरही नाही. माझी आई जी. टी.मध्ये महिनाभर होती, रात्रीच्या शांततेची किंमत मला कुणी सांगायला नको. माझं म्हणणं पुढच्या गोष्टीबद्दल आहे. खुल्या जागेत वाजवता येत नाही, हे कळल्यावर ती जागा बंदिस्त करायचा, आवाज बाहेर जाणार नाही असं सभागृह बांधायचा विचार मालकाने करायचा असतो. नियमांतच सभागृहासारख्या बंदिस्त जागांचा वेगळा विचार केलेला आहे. २०१७ मध्ये केंद्राने नियमांत दुरुस्ती केली की राज्य सरकारने अधिसूचित केल्याशिवाय एखादा परिसर शांतता क्षेत्र ठरणार नाही. त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या, त्यात मी शिरत नाही. पण या दुरुस्तीच्या निमित्ताने तरी रंगभवनाची फाईल काढून, इथे नेमकं काय करता येईल हे तज्ज्ञांना विचारून लोकांसमोर मांडायला हवं होतं. मध्यंतरी तिथे मराठी भाषा भवन होणार अशी घोषणा झाली. मराठी माणूस म्हणून मला आनंदच झाला, मनात आलं, त्यातच एक छोटं सभागृह मागू. ते भवन पुढे चर्नी रोडला जवाहर बालभवनाच्या आवारात न्यायचं ठरलं आणि २ एप्रिल २०२२ ला गुढीपाडव्याला तिथलं भूमिपूजनही झालं. रंगभवन होतं तिथेच राहिलं.

तर माझ्या तक्रारी अशा.

पहिली आणि सर्वांत मोठी रंगभवनाची, ती वर सविस्तर सांगितली.

दुसरी कागदांची. चित्रपटसंगीताचं हस्तलिखित नोटेशन या शहरात गठ्ठ्यांनी रद्दीत गेलं आहे. स्टुडिओ बंद झाले, वारस परदेशी गेले, कुडं विकली गेली, आणि आखीव कागदाला रद्दीवाला वर्तमानपत्राचाच भाव देतो. सरांबरोबर वाजवणाऱ्या एका ज्येष्ठ व्हायोलिनवादकाचे सगळे कागद त्यांच्या पश्चात असेच गेले. मी पोचेपर्यंत खोली रिकामी होती. आपल्याकडे पुराभिलेख संचालनालय आहे, मोडी कागदपत्रं सांभाळण्याचं केवढं काम तिथे होतं. मोडी वाचणारे जसे कमी उरले तसेच ही हाताची स्वरलिपी, तिच्यातल्या खुणा, आपापसातले संक्षेप समजणारेही आता थोडेच उरलेत. मी त्यांतला एक आहे आणि माझं वयही उतरणीचं आहे.

तिसरी तक्रार जागांच्या ओळखीची. मुंबईतल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला युनेस्कोने २०१८ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. ओव्हलपासून मरीन ड्राइव्हपर्यंतच्या त्या इमारतींची गोलाई, खिडक्यांच्या पट्ट्या, जिन्याचे कठडे यांचं वर्णन आपण पर्यटकांना करतो. त्यांच्या तळमजल्यांवर आणि शेजारच्या रस्त्यावर काय वाजत होतं, याचा एक शब्दही तिथे वाचायला मिळत नाही. वीर नरिमन रोडच्या दोन्ही पदपथांवरून चालून पाहावं, इथे अमुक यांचा बँड वाजत असे असा फलक माझ्या पाहण्यात एकही नाही. झेवियर्स कॉलेजच्या आतल्या चौकात माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस आपला भारतीय सिंफनी वाद्यवृंद उभा केला होता. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. तो जॅझ नव्हता, पण वाजवणारे तेच, लिहिणारे हात तेच. रंगभवनापासून हाकेच्या अंतरावर घडलेली ही गोष्ट शेजारच्या गल्लीतल्या मुलांना ठाऊक नाही, आणि दोष मुलांचा नाही.

चौथी माणसांची. वृद्ध कलावंतांसाठी राज्याची मानधन योजना आहे, चांगली आहे, लोककलावंतांना तिचा खरा आधार होतो. पण तिला कार्यक्रमांचे पुरावे जोडावे लागतात. हॉटेलच्या बँडमधल्या ड्रमवाल्याकडे कसला पुरावा असणार? हॉटेल बंद, मालक बदलले, जाहिरातीत बँडमास्तरचं नाव आणि बाकीच्यांचा उल्लेख 'आणि त्यांचा बँड'. रेकॉर्डिंगचे पैसे रोख हातावर. अर्जातल्या कलाप्रकारांच्या रकान्यात स्वतःला कुठे बसवायचं हेसुद्धा त्यांना कळत नाही. उमेद संपल्यावर माणूस अर्ज करायचा सोडून देतो आणि मग म्हटलं जातं की अशा कलावंतांकडून मागणीच नाही.

पाचवीबद्दल थोडक्यात. आज एखाद्या छोट्या उपाहारगृहाने आठवड्यातून एक संध्याकाळ तीन वादक बसवायचे म्हटलं, तर पोलिसांचा परवाना, महापालिकेची परवानगी आणि स्वामित्वहक्काच्या संस्थांचे वेगवेगळे पैसे, अशा दारोदार फेऱ्या पडतात. परिणामी मालक टीव्ही लावतो आणि मोकळा होतो. नवी मुलं उत्तम वाजवतात, मी ऐकतो त्यांना. पण शेकडो रात्री लोकांसमोर चुकल्याशिवाय, सावरल्याशिवाय जॅझ येत नाही, आणि चुकायला त्यांना जागाच नाही. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएसारख्या मोठ्या सभागृहांतले कार्यक्रम ही तयारीनंतरची पायरी झाली.

यावर कुणी म्हणेल, राज्यात तमाशाचे फड मोडतायत, दशावताराला पडदा घ्यायला पैसे नाहीत, तिथे जॅझचं काय घेऊन बसलात? हा प्रश्न रास्त आहे. तमाशाच्या वाट्याचा एक रुपयाही मला नको. माझ्या मागण्यांतल्या बहुतेकांना पैशापेक्षा एक फाईल आणि एक जबाबदार माणूस लागेल. रंगभवनाला पैसे लागतील, पण ते सभागृह जॅझपुरतं नको आहे. धोबीतलाव-गिरगाव परिसरात लावणीपासून तियात्र या कोंकणी नाटकापर्यंत सगळ्यांना परवडणारी सरकारी जागा हवी आहे. जॅझला महिन्यातल्या दोन संध्याकाळी मिळाल्या तरी पुष्कळ झाल्या.

मी मागतो ते असं:

१. रंगभवनाची आजची कायदेशीर आणि प्रत्यक्ष स्थिती काय आहे, हे विभागाने लेखी जाहीर करावं. तिथे आवाज बाहेर न जाणारं, मध्यम आकाराचं सभागृह उभं राहू शकतं का, याचा अभ्यास वास्तुध्वनीच्या तज्ज्ञांकडून करून घ्यावा. रुग्णालयांचं आणि कॉलेजचं म्हणणं त्या अभ्यासात आधी ऐकावं. अहवाल लोकांसाठी खुला करावा.

२. मुंबईतल्या हॉटेल-बँडचे आणि चित्रपटसंगीताचे हस्तलिखित कागद, फोटो, करारपत्रं, हजेरीच्या वह्या स्वीकारण्यासाठी पुराभिलेख संचालनालयात स्वतंत्र संग्रह सुरू करावा. कागद आधी वाळवीपासून वाचवावेत, मग स्कॅन करावेत. मूळ कागद कुटुंबांना परत हवे असतील तर परत द्यावेत. गोवा सरकारला यात बरोबर घ्यावं, कारण निम्म्या ट्रंका आल्दोना, माजोर्डा, मडगावच्या माळ्यांवर असणार.

३. जे वादक हयात आहेत त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात. याला समिती नेमण्याची गरज नाही. मुंबई विद्यापीठातले विद्यार्थी, एक चांगला मायक्रोफोन आणि प्रवासभत्ता एवढ्यात काम सुरू होतं. हे सगळ्यांत आधी करावं, इमारत थांबू शकते.

४. मानधन योजनेच्या निकषांत हॉटेल-बँड आणि रेकॉर्डिंगच्या वादकांचा स्पष्ट उल्लेख करावा, आणि कागदी पुरावा नसेल तिथे दोन ज्येष्ठ वादकांचं लेखी प्रमाणपत्र ग्राह्य धरावं.

५. महापालिकेने वीर नरिमन रोड, अपोलो बंदर आणि धोबीतलाव इथे मराठी आणि इंग्रजीत फलक लावावेत. मजकूर तपासून घ्यावा. बँडमास्तरबरोबर बँडमधल्यांचीही नावं जिथे मिळतील तिथे लिहावीत.

६. पन्नासपेक्षा कमी खुर्च्यांच्या जागी, रात्री दहाच्या आत, लाऊडस्पीकरशिवाय होणाऱ्या संगीतासाठी एकाच अर्जावर परवाना मिळावा.

माझ्याकडून मी एवढं करीन. सरांचं नोटेशन त्यांच्या कुटुंबाच्या संमतीने विनामोबदला देईन. त्यातल्या खुणा वाचून दाखवायला, कुठलं पान कुठल्या वाद्याचं हे लावून द्यायला आठवड्याचे दोन दिवस येऊन बसेन. माझ्याबरोबर वाजवलेले आणखी काही जण तयार आहेत, कुणी बांद्र्याला, कुणी वसईला. त्यांना आणायची-पोचवायची सोय तेवढी व्हावी, दोघांना जिना चढवत नाही.

या पत्राला लेखी उत्तर मिळावं. वरच्या सहापैकी काय होऊ शकतं, काय होऊ शकत नाही आणि का, एवढं त्यात असावं. नकार असेल तर तोही कळवावा, म्हणजे पावसाळ्याच्या आत या ट्रंका दुसरीकडे हलवायची सोय मला पाहता येईल.

आपला,
गिरगावातला एक ट्रंपेटवादक